यंत्रांची घरघर आणि घरातले ऐकणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या पंधरवड्यात एका ज्येष्ठ पत्रलेखकांनी तक्रार केली होती की, आजची मुले कानात बोंडे खुपसून जे ऐकतात त्यात ना शब्द, ना ताल, ना चाल. ती नुसती यंत्रांची घरघर असते, आणि घरघरच ऐकायची तर माणसाने कारखान्यात जावे, घरात ती कशाला. पत्राचा रोख अ‍ॅम्बियंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीतावर होता, हे उघड आहे. पत्रलेखकांनी आपले वय दिले होते. माझे त्यांच्याहून फार कमी नाही, त्यामुळे तरुणांची वकिली केल्याचा आरोप माझ्यावर येऊ नये. कारखान्याचा उल्लेख झाला म्हणून मात्र लिहावेसे वाटले, कारण नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील, पत्रा ठोकून त्याला आकार देणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये, देखभाल विभागात, मी एकतीस वर्षे काढली आहेत आणि घरघरीचे प्रकार मला बऱ्यापैकी कळतात.

त्या एकतीस वर्षांनी पेन्शनीबरोबर मला कानातली एक बारीक शिट्टीही दिली आहे. कानात घालायचे प्लग त्या काळी कोणी बडे साहेब पाहणीला येणार असले की वाटले जात आणि साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली की पुन्हा कपाटात जात. डॉक्टर या शिट्टीला टिनिटस म्हणतात. दिवसा ती रस्त्याच्या आवाजात हरवते. रात्री साडेदहानंतर घर निजले की ती जागी होते. कानाच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले की, ही शिट्टी घालवणारे औषध त्यांच्याकडे नाही, पण अगदी निःशब्द खोलीत बसू नका, मागे काहीतरी हलका आवाज चालू असू द्या. मी पंखा लावून पाहिला, रेडिओ लावून पाहिला. नाट्यगीत लावले की मी ते ऐकू लागतो, ऐकू लागलो की पुढची जागा कशी घेतात याची वाट पाहतो, आणि झोप दारातूनच परत जाते. भीमसेनांचा आवाज बारीक करून कोपऱ्यात ठेवणे तर मला अपराधच वाटला. ज्या संगीताने आपले पुरते लक्ष मागावे असा त्याचा धर्म आहे, त्याच्याकडून दिव्याच्या मंद उजेडाचे काम घेणे बरे नव्हे. शेवटी मुलीने काही ध्वनिमुद्रणे पाठवली आणि सोबत निरोप धाडला की, बाबा, हे ऐकायचे नाही, हे नुसते असू द्यायचे.

हा निरोप मला तेव्हा चमत्कारिक वाटला. पुढे या संगीताची जन्मकथा कळल्यावर त्यातले तथ्य ध्यानात आले. ब्रायन ईनो हे इंग्लिश संगीतकार जानेवारी १९७५ मध्ये टॅक्सीची धडक बसून अंथरुणाला खिळले होते. भेटायला आलेल्या मैत्रिणीने अठराव्या शतकातील हार्पवादनाची तबकडी आणली होती. ती गेल्यावर त्यांनी कशीबशी तबकडी लावली आणि आडवे झाल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, आवाज फारच बारीक ठेवलेला आहे आणि दोनपैकी एका बाजूचा स्पीकर अजिबात वाजत नाही. उठण्याची ताकद नव्हती. तसेच पडून राहिल्यावर हार्पचे सूर पावसाच्या आवाजातून अधूनमधून डोके वर काढू लागले आणि खोलीतल्या उजेडासारखे तेही त्या खोलीचाच भाग होऊन गेले. त्याच वर्षी ईनोंनी तीस मिनिटांची, म्हणजे तबकडीची एक बाजू भरून टाकणारी, संथ रचना प्रसिद्ध केली. सप्टेंबर १९७८ मध्ये लिहिलेल्या एका टिपणात त्यांनी या संगीताला अ‍ॅम्बियंट, म्हणजे भोवतालचे, असे नाव दिले आणि त्याची कसोटीही सांगितली: ते ऐकावेसे वाटेल इतके सरस असावे, आणि तितक्याच सहजपणे त्याच्याकडे दुर्लक्षही करता यावे.

या कसोटीचा दुसरा भाग सोपा आहे. लग्नाच्या हॉलमधल्या शहनाईच्या ध्वनिफितीकडे कोण लक्ष देतो? दोन्ही भाग एकदम साधणे मात्र अवघड आहे. ते कसे साधते हे मला संगीताच्या पुस्तकांनी सांगितले नसते. ते माझ्या प्रेस शॉपने सांगितले.

आमच्याकडे शेजारी-शेजारी दोन पॉवर प्रेस चालत. एकाचे मिनिटाला चाळीस ठोके, दुसऱ्याचे अडतीस. दर अर्ध्या मिनिटाने दोन्ही ठोके नेमके एकावर एक पडत, मग एक किंचित पुढे सरके, ठोक्याला प्रतिध्वनी आल्यासारखे वाटे, मग अंतर वाढत जाऊन दोन्ही मिळून दुप्पट लयीत चालल्याचा भास होई, आणि पुन्हा हळूहळू ते एकमेकांना येऊन मिळत. जेवणाचा डबा उघडून बसल्यावर मी हे कितीतरी वर्षे ऐकले आहे. आमच्या धंद्यात कान हे हत्यारच असते: पेचकसाचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि आतले गोळे कोणत्या सुरात फिरतात ते ऐकायचे. बेअरिंग जाण्याच्या आठवडाभर आधी त्याचा सूर चढतो. वाचकांना हे अवांतर वाटेल, पण यंत्राच्या आवाजात ऐकण्यासारखे काही नसते या विधानाला माझा पहिला आक्षेप हाच आहे.

ईनोंच्या विमानतळासाठी केलेल्या संगीतातील एक रचना नेमकी या दोन प्रेससारखी बांधलेली आहे. बायकांच्या आवाजातील एकेक लांबवलेला सूर वेगवेगळ्या फितीवर घेतला, प्रत्येक फितीची दोन टोके चिकटवून तिची माळ केली आणि या माळा एकाच वेळी फिरत सोडल्या. त्यांची लांबी मुद्दाम वेगवेगळी ठेवली होती. १९९६ मधील एका भाषणात ईनोंनी सांगितले की, एक सूर दर साडेतेवीस सेकंदांनी परत येई, दुसरा सुमारे सव्वीस सेकंदांनी, तिसरा जवळजवळ तीस सेकंदांनी. आणि फीत इतकी लांब होती की, कॉनी प्लांक यांच्या जर्मनीतील स्टुडिओत ती अ‍ॅल्युमिनियमच्या खुर्च्यांभोवतून फिरवून आणावी लागली. हे वाचल्यावर मी कागद घेऊन या तीन आकड्यांचा लसावि काढला. साडेतेवीस, सव्वीस आणि तीस असे धरले तर हे तीन सूर एकदा एकत्र निघाल्यावर पुन्हा तसेच एकत्र यायला पाच तास साडेपाच मिनिटे लागतील. रचना जेमतेम नऊ मिनिटांची आहे. म्हणजे सूर तेच, मोजकेच, पण त्यांची गाठभेट दर वेळी निराळी. ऐकणाऱ्याला पुढे काय येणार हे ठाऊक असल्यासारखे वाटते आणि तरीही अंदाज दर वेळी थोडक्यात चुकतो. चुकला तरी चुटपूट लागत नाही, आणि लक्ष नसले तरी काही निसटल्याची रुखरुख राहत नाही. माझ्या कानातल्या शिट्टीला जो सोबती हवा होता तो हा.

आता तंबोऱ्याविषयी. माझी पत्नी गेली पंचवीस वर्षे शास्त्रीय गाणे शिकते आहे. तिचा तंबोरा मिरजेचा. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा तिने घरात पेढे वाटले होते. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या, चौथी खर्जाची. घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवून जवारी, म्हणजे तार मोकळी झंकारावी अशी जुळणी, जमली की, कोणत्याही तारेवर न लावलेला गंधार खर्जाच्या तारेतून आपोआप उमटू लागतो. तो कोणी छेडलेला नसतो, आणि तो ऐकू येण्यासाठी कान शांत असावा लागतो. मैफिलीत गायक येऊन बसण्याआधी दोन तंबोरे जुळवून मागे चालू असतात, ती पाच-सात मिनिटे मला गाण्याइतकीच आवडतात, हे मी घरात कधी कबूल केलेले नाही. सभागृहात लोक अजून खुर्च्या शोधत असतात, कोणी कोणाला हात करत असतो, आणि त्या सगळ्यावर तो झंकार पसरत जातो. अ‍ॅम्बियंट संगीत म्हणजे काय असे मला कोणी विचारले, तर मी म्हणेन की, गायक येण्यापूर्वीची ती पाच मिनिटे लांबवून तासाभराची केलेली असतात आणि गायक येतच नाही. गायक येत नाही हे ज्यांना खटकते त्यांचे मी समजू शकतो; पत्नीलाही ते अजून खटकते.

तंबोरा आणि हे संगीत यांचा संबंध केवळ माझ्या कल्पनेतला नाही. न्यूयॉर्कमध्ये १९६०च्या दशकात ला माँट यंग हे संगीतकार एकच सूर तासन्‌तास धरून ठेवण्याचे प्रयोग करत होते, आणि त्यासाठी त्यांनी आधाराला काय घेतले असेल, तर घरातल्या कासवाच्या काचपेटीवरील मोटारीची घरघर. अमेरिकेतील वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला साठ आवर्तनांची, तिच्याशी त्यांनी आपले सूर जुळवले. पुढे १९७० मध्ये ते आणि त्यांचे सहकारी टेरी रायली हे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्या तालमीतले. आणि याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेला येऊन राहिले होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. फितीवरून सूर थोड्या विलंबाने परत आणून त्याच्यावर दुसरा सूर रचण्याची युक्ती रायली हे ईनोंच्या आधीपासून वापरत होते. मात्र सगळे काही आपल्या पूर्वजांनीच शोधून ठेवले होते असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभे राहायचे नाही. फितीची माळ, सिंथेसायझर हे विजेवर सूर घडवणारे यंत्र आणि स्टुडिओ ही पश्चिमेची कमाई आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की, तंबोऱ्याच्या झंकारात वाढलेल्या कानाला हे संगीत परके वाटण्याचे कारण नाही.

आमच्या घरात या बाबतीत एक जुना तंटाही आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे फ्रिजची घरघर भरते १०० हर्ट्झ, म्हणजे पेटीवरच्या पांढरी पाचच्या किंचित वर. पत्नी गाते काळी चारमध्ये, म्हणजे त्याच्या लगेच वरच्या सुरात. तिच्या षड्जाला हा फ्रिज सतत खालून ढुशी देतो, म्हणून रियाझाच्या वेळी तो बंद होतो आणि उन्हाळ्यात दोनदा तरी दूध नासते. यंत्राला सूर नसतो असे म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे सकाळी सहाला येऊन पाहावे.

पत्रलेखकांचा दुसरा मुद्दा असा होता की, ही परदेशी यंत्रे आपल्या संगीताच्या मुळावर येतील. हा आरोप जुना आहे. तो पूर्वी पेटीवर होता. १९४० पासून सुमारे तीस वर्षे आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, आणि आज पेटीवाचून आपले एकही कीर्तन उभे राहत नाही. सिंथेसायझर तर आपल्याकडे काल-परवा आलेला नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर बसवला गेला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो उभारून दिला आणि पुढची तीन-चार वर्षे भारतीय मंडळींनी त्यावर ध्वनिमुद्रणे केली. त्या फिती दीर्घकाळ संस्थेच्या संग्रहात पडून होत्या आणि अलीकडे, २०२३ मध्ये, त्यांतील निवडक भाग प्रसिद्ध झाला. १९८२ मध्ये मुंबईचे चरणजीत सिंग यांनी सिंथेसायझर आणि ताल-यंत्रावर दहा राग वाजवले; ते नाचण्याचे संगीत असल्याने आपल्या विषयाबाहेरचे आहे, पण यंत्र परके की आपले हा वाद तेव्हाच संपायला हवा होता.

खरे तर या संगीताचे एक साधन आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात आहे. प्लगमध्ये खोचायची, बटण दाबले की तोच एक मंत्र अखंड म्हणणारी ती छोटी प्लॅस्टिकची पेटी कोण ओळखत नाही? तशाच पेट्या चीनमध्ये बौद्ध मंत्रांच्या मिळतात. त्या पाहून बीजिंगच्या एफएम३ या जोडीने २००५ मध्ये नऊ छोटी सुरावर्तने भरलेली, स्वतःचाच स्पीकर असलेली एक पेटी बनवली आणि तिला बुद्ध मशीन हे नाव दिले. आमच्या शेजारणीच्या देवघरातील पेटी सकाळी सहा ते आठ चालू असते आणि ती बंद पडली की काहीतरी चुकल्यासारखे वाटून शेजारीण ओट्यापासून बाहेर येते. शेजारीण ऐकत नसते, पण पेटी थांबल्याचे तिला लगेच कळते. ईनोंच्या कसोटीचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

या नावाखाली जे जे मिळते ते सगळे चांगले आहे, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. इंटरनेटवर आठ-आठ तासांची निद्रासंगीते असतात, त्यांच्यावर धबधब्याचे चित्र असते, आणि ४३२ हर्ट्झच्या सुराने पेशी शुद्ध होतात असे खाली लिहिलेले असते. हा अंगारा-धुपाऱ्याचाच नवा अवतार आहे. अशी पुष्कळशी ध्वनिमुद्रणे एकाच गुळगुळीत सुरावर तरंगत राहतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करता येते, कारण त्यांत लक्ष देण्यासारखे मुळात काहीच नसते. दुकानात ग्राहकाचे मन रमवण्यासाठी लावलेल्या सुरावटीही मी याच खात्यात टाकतो. चांगल्या रचनेला कान लावला की तळाशी काहीतरी चाललेले सापडते, एखादा सूर जवारीसारखा उकलतो.

हे संगीत सभागृहात जमत नाही, घरातच जमते. फ्रेंच संगीतकार एरिक साती यांनी १९१७ च्या सुमारास ‘फर्निचरसारखे संगीत’ अशी कल्पना मांडली होती; १९२० मध्ये पॅरिसमध्ये मध्यंतरात ते वाजवले गेले, तेव्हा लोक गप्प बसून ऐकू लागले आणि साती त्यांना बोला, फिरा, ऐकू नका अशी विनवणी करत राहिले. १९९२ मध्ये वॉर्प या इंग्लिश कंपनीने घरी बसून ऐकण्याच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक संग्रह काढला, त्याच्या वेष्टनावर आरामखुर्चीत रेलून बसलेला यंत्रमानव आहे. संग्रहाचे नाव आर्टिफिशियल इंटेलिजन्स. आज त्या शब्दांनी भलताच अर्थ घेतला आहे. जपानमध्ये या प्रकाराने आणखी घरगुती रूप घेतले. हिरोशी योशिमुरा यांनी १९८२ मध्ये नऊ पोस्टकार्डे या कल्पनेवर ज्या छोट्या रचना केल्या, त्या टोकियोच्या एका कलासंग्रहालयात प्रथम वाजल्या, पण त्या जणू सकाळच्या चहाबरोबर ऐकण्यासाठीच केलेल्या आहेत: की-बोर्डवरचे चार-पाच सूर, मग थोडी जागा, मग पुन्हा तेच सूर थोडे सरकून. ती जागा महत्त्वाची. तिच्यातून कुकरची शिट्टी आली तरी रचना मोडत नाही.

आपले शहर ढोलाचे आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. नाशिक ढोल देशभर या गावाच्या नावाने ओळखला जातो. पण ढोल हा मिरवणुकीचा आवाज आहे, आणि वर्षाचे सगळे दिवस मिरवणुकीचे नसतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. इंदिरानगरमध्ये माझ्या खिडकीशी मोबाईलवरील मापक धरून पाहिला, तर सिंहस्थाच्या कामांचे डंपर जाताना रात्री अकरालाही काटा त्याच्या कितीतरी वर असतो. अशा वेळी आवाजाला आवाजाने उत्तर देण्याची घाई होते. तसे करू नये. मी छोटा स्पीकर बैठकीत ठेवतो आणि स्वतः आतल्या खोलीत बसतो. दार अर्धवट उघडे. आवाज इतकाच की, पत्नी शेजारून काही बोलली तर तो कमी करावा लागू नये. कानात बोंडे घालण्याच्या बाबतीत मात्र मी पत्रलेखकांशी सहमत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांहून अधिक ऐकू नये, आणि कानाची किंमत गेल्यावर कळते, हे मी स्वानुभवाने सांगतो. शिवाय बोंडे घातली की घर बाहेर राहते, आणि घर बाहेर ठेवल्यावर या संगीतात फारसे काही उरत नाही.

आपल्याला एक विनंती आहे. आपल्या रविवारच्या पुरवणीत चित्रपटगीते आणि शास्त्रीय मैफिली यांच्याविषयी नियमाने लेख येतात. वर्षातून दोन-चार वेळा या घरगुती, संथ संगीताविषयीही जाणकारांकडून लिहवून घ्यावे. आणि १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थेने वाचनकक्षाशेजारच्या एखाद्या खोलीत, महिन्यातून एका संध्याकाळी, तासभर असे काही मंद आवाजात लावून ठेवावे. भाषण नको, निवेदन नको. कोणी वाचेल, कोणी डुलकी काढेल, कोणाला ऐकू येईल.

पत्रलेखकांनाही माझे निमंत्रण आहे. रात्री नऊनंतर कोणत्याही दिवशी यावे. पत्नीने तंबोऱ्याची जवारी नुकतीच काढून आणली आहे. आधी तो ऐकू, मग फ्रिज चालू करू आणि दुसरे काहीतरी लावू.

आपला,
एक सेवानिवृत्त कामगार व नियमित वाचक
इंदिरानगर, नाशिक